'एल निनो' म्हणजे 'लहान मुलगा' असं वाचलं. मग दुष्काळाच्या बातम्यांत हा मुलगा कुठून आला?

अर्थ बरोबर आहे, पण अपुरा. स्पॅनिशमध्ये 'निन्यो' म्हणजे लहान मुलगा आणि 'एल' हे पुल्लिंगी नामाआधीचं उपपद. (म्हणून 'अल निनो' चूक, 'अल' हे अरबी उपपद.) इथे मात्र बाळ येशू अभिप्रेत आहे. उत्तर पेरूतल्या पायता भागातले कोळी नाताळच्या सुमारास किनाऱ्यालगत दक्षिणेकडे वाहणाऱ्या कोमट प्रवाहाला 'कोर्रियेंते देल निन्यो', म्हणजे बाळ येशूचा प्रवाह, म्हणत. कॅप्टन कामिलो कार्रियो यांनी १८९२ मध्ये लिमाच्या भूगोल संस्थेपुढे हे नाव मांडलं.

म्हणजे मुळात हा दरवर्षीचा, स्थानिक प्रवाह. पेरूचा समुद्र एरवी थंड असतो. खालून वर येणाऱ्या पोषक पाण्यावर तिथली अँचोवेटा मासळी जगते. काही वर्षी कोमट पाणी महिनोन् महिने हटत नाही आणि मासळी आटते. पुढे शास्त्रज्ञांनी नाव फक्त अशा वर्षांसाठी राखलं.

पावसाशी धागा जुळला तो भारतातून. गिल्बर्ट वॉकर १९०४ मध्ये इथल्या हवामान खात्याचे प्रमुख झाले. मान्सूनचा अंदाज शोधताना त्यांना प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या हवेच्या दाबातला झोका (एकीकडे दाब वाढला की दुसरीकडे घटतो) सापडला. तो झोका आणि पेरूचं कोमट पाणी एकाच घडामोडीच्या दोन बाजू आहेत, हे याकोब ब्यर्कनेस यांनी १९६९ मध्ये दाखवलं. उलट स्थितीला, म्हणजे पाणी नेहमीपेक्षा थंड असतं तेव्हा, 'ला निन्या' (मुलगी) हे नाव त्यानंतर, १९८०च्या दशकात रूढ झालं.

उच्चार 'नीन्यो'. 'न'वरची नागमोडी रेघ इंग्रजी छपाईत गळते, म्हणून आपल्याकडे 'निनो' आलं. मराठीत तेच रुळलंय, बदलायची गरज नाही.

अर्थाची खरी गफलत वेगळीच आहे: एल निनोच्या वर्षी भारतात पाऊस अनेकदा कमी पडतो, पण 'एल निनो' हा दुष्काळाचा समानार्थी शब्द नाही. १९९७ चा एल निनो विसाव्या शतकातल्या सर्वांत जोरदारांपैकी, तरी देशात पाऊस सरासरीच्या १०२ टक्के. २००२ चा मध्यम, पाऊस ८१ टक्के. हिंदी महासागराची स्थितीही निकाल फिरवते. त्यामुळे बातमीत 'एल निनो आला' वाचलं, तर दोन गोष्टी पाहा. मध्य प्रशांतातल्या 'निनो ३.४' नावाच्या पट्ट्यातल्या समुद्रपृष्ठाचं तापमान सरासरीपेक्षा किमान ०.५ अंशाने जास्त आहे का आणि ते काही महिने टिकलंय का? शिवाय हिंदी महासागराचा द्विध्रुव, म्हणजे त्याच्या पश्चिम आणि पूर्व भागांच्या तापमानातला फरक, धन (पश्चिम भाग जास्त उबदार) आहे की ऋण (पूर्व भाग जास्त उबदार)? धन असेल, तर एल निनोचा फटका सौम्य होऊ शकतो.