तोंडापासून सुरुवात कर

सोलापूर

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मी तीनदा वाचले. मरणाच्या दारातल्या रुग्णांच्या सेवेचे दोन दिवसांचे प्रशिक्षण, ४२ स्लाइड, अठरा मावशी आणि चार ब्रदर, शेवटी वीस गुणांची चाचणी, हा सगळा तपशील तू मोठ्या निगुतीने लिहिला आहेस. पण माझे मन अडकले ते जिन्यातल्या मावशींपाशी. वॉर्डातल्या एका आजोबांना घरघर लागलेली असताना त्या वॉर्डातून उठून गेल्या, जिन्याच्या वळणावर पदर तोंडात धरून बसल्या, आणि त्यांच्याशेजारी बसावे की त्यांना कामावर परत पाठवावे हे न उमजून तू दोन पायऱ्या वर नुसती उभी राहिलीस. याच मावशींना चाचणीत वीसपैकी अठरा गुण होते, हेही तू लिहिले आहेस. ‘मग मी यांना शिकवले तरी काय?’ हा तुझा प्रश्न आहे, आणि नोकरी सोडून पुण्याला जाण्याचा विचार त्यातूनच आला आहे.

शेजारी बसायला हवे होते. ते तुलाही कळले आहे, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही. तुझ्या प्रश्नाचे उत्तर मात्र देते. तू करुणा शिकवायला निघालीस, तिथे चुकलीस. शेवटच्या दिवसांतल्या माणसाचे तोंड स्वच्छ कसे करायचे ते शिकव. तोंडापासून सुरुवात कर.

हे मी कुठून शिकले ते सांगते. मी नुकतीच नोकरीला लागले होते. शहराच्या पूर्व भागातले एक यंत्रमाग कामगार गालाच्या कॅन्सरने आमच्या वॉर्डात होते. जखमेला वास येत असे आणि मी औषधांचा ट्रे घेऊन पलंगाच्या पायथ्याशी उभी राहत असे, उशाशी जात नसे. ते सतत काहीतरी पुटपुटत होते. तीन दिवस मी माझ्या सुवाच्य अक्षरात नोंद केली : ‘रुग्ण असंबद्ध बोलतो.’ चौथ्या दिवशी रात्रपाळीच्या आयाबाईंनी कोमट पाण्यात थोडा खाण्याचा सोडा घातला, गॉज, म्हणजे जखमेला लावतात ते जाळीदार कापड, भिजवून पिळला आणि त्यांच्या तोंडातली वाळलेली खपली कडेकडेने मऊ करून काढायला घेतली. वीस मिनिटे त्या वाकून काम करीत होत्या. टाळूवरचा शेवटचा पापुद्रा निघाला आणि त्या माणसाचा शब्द स्पष्ट ऐकू आला : ‘नीळ्ळू’. तेलुगूत नीळ्ळू म्हणजे पाणी. तीन दिवस ते पाणी मागत होते. आयाबाईंनी ओला गॉज त्यांच्या ओठांत धरला, तो ते चोखत राहिले आणि तेवढा वेळ त्यांची नजर आयाबाईंच्या चेहऱ्यावरून हलली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते गेले. मी केलेल्या तीन नोंदी त्यांच्या कागदांत तशाच राहिल्या. मी परीक्षेत पहिली आलेली मुलगी होते.

आता तुला कळेल की ‘सहानुभूती’ या शब्दावर सात स्लाइड केल्याचे वाचून मी का चिडले. सहानुभूती ही सांगण्याची गोष्टच नाही. तोंड स्वच्छ करायचे म्हटले की उशाशी जावे लागते, वाकावे लागते, वास सोसावा लागतो, ‘काका, तोंड जरा ओलं करते हं’ असे आधी सांगावे लागते आणि त्यांनी तोंड मिटले तर थांबावे लागते. तुझ्या सातही स्लाइडमध्ये जे आहे ते या एका कामात हातांना करावे लागते. म्हणून म्हणते, तोंडापासून सुरुवात कर.

काम नीट शिकव, घाईने नाही. आधी हात धुणे. मग रुग्णाची मान थोडी उंच किंवा त्याला कुशीवर घेणे, म्हणजे पाणी घशात उतरणार नाही. कवळी असेल तर ती काढून वेगळी धुणे. लहान मुलांचा मऊ ब्रश किंवा घट्ट पिळलेला गॉज घेऊन गालांच्या आतून, जिभेखालून, टाळूवरून फिरवणे. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या दातांमध्ये आपले बोट कधीही घालायचे नाही, तो नकळत चावतो. तिथे गॉज गुंडाळलेली चपटी काडी वापरायची. शेवटी ओठांना खोबरेल तेलाचा हलका हात, पण ऑक्सिजन चालू असेल तर तेल आणि व्हॅसलीन दोन्ही टाळायचे. शेवटच्या दिवसांत हे दर दोन तासांनी, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये त्याहून लवकर, कारण उघड्या तोंडाने श्वास घेणाऱ्या माणसाचे तोंड पंख्याखाली अर्ध्या तासात कोरडे पडते. पांढरे ठिपके किंवा साय दिसली तर ती बुरशी असू शकते. ओरबाडायची नाही, सिस्टरला दाखवायची, औषधाने ती जाते.

तुझ्या अठरा मावशींपैकी काहींनी पूर्वी विड्या वळल्या आहेत, असे तू सहज लिहून गेलीस. तुझ्या पत्रातले हेच वाक्य सर्वांत मोलाचे आहे. ओल्या तेंदूपानाची कड न फाटू देता दुमडणारी बोटे गॉजची घडी अशी करतात की एक धागा बाहेर येत नाही. मी हे पाहिले आहे. नर्सिंग कॉलेजातून आलेल्या मुलींना ती घडी शिकवायला मी विडीकाम केलेल्या मावशींनाच उभे करीत असे. तूही तसेच कर. ज्यांना तू मागच्या बाकावर बसवले आहेस, त्यांना काही गोष्टी तुझ्यापेक्षा चांगल्या येतात.

तू म्हणशील, वेदनाशमनाचे काय? त्यासाठीसुद्धा तोंडच आधी. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कॅन्सरच्या वेदनांसाठी जी पद्धत घालून दिली तिचा गाभाच असा की औषध शक्यतो तोंडाने द्यायचे आणि घड्याळाबरहुकूम द्यायचे, वेदना उसळण्याची वाट पाहत बसायचे नाही. मॉर्फिनची साधी गोळी चार तासांनी द्यायची असते. पण जिभेवर चिरा आणि टाळूवर साय असलेला माणूस ती गोळी गिळणार कशी? तो तोंड फिरवतो, आपण ‘औषध नाकारले’ असे लिहितो आणि पुढच्या बिछान्याकडे वळतो. मावशींना मॉर्फिनचे रसायनशास्त्र नको. त्यांना इतके सांग : ही गोळी वेळेवर दिली तर वेदनेच्या रुग्णाला सहसा व्यसन लावत नाही, पहिले काही दिवस झोप आणि मळमळ येते, बद्धकोष्ठ मात्र जवळजवळ प्रत्येकाला होते, म्हणून रेचक सोबत असतेच आणि शौचास कधी झाले हे रोज विचारायचे, अचानक बंद करायची नाही, आणि माणूस जागाच होत नसेल तर लगेच हाक मारायची. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचे असे जंजाळ झाले की डॉक्टरांची एक अख्खी पिढी मॉर्फिन न हाताळताच शिकली. २०१४ च्या दुरुस्तीने वाट बरीच मोकळी केली. भीती मात्र वॉर्डात अजून आहे, आणि ती डॉक्टरांपासून मावशींपर्यंत खाली झिरपते.

भाषा हा आपल्या शहराचा खास विषय आहे आणि तुझ्या बेचाळीस स्लाइडमध्ये तो एकदाही आलेला नाही, याचे मला वाईट वाटले. सोलापुरात राहून हे विसरता कसे येते? एकाच वॉर्डात एक आजी ‘नोप्पी’ म्हणतात, पलीकडच्या ‘नोवू’ म्हणतात, तिसऱ्या ‘दर्द’ म्हणतात आणि चौथ्या ‘ठणका लागलाय’ म्हणतात. पाणी, दुखते, थंडी, लघवी, मुलाला बोलवा, भीती वाटते : एवढे शब्द मराठी, तेलुगू, कानडी आणि हिंदी-उर्दूत एका पुठ्ठ्यावर मोठ्या देवनागरी अक्षरांत लिहून भिंतीला लाव. तो पुठ्ठा मावशींकडूनच लिहून घे. तोंड स्वच्छ झाले तरी शब्द समजलाच नाही, तर आपण माझ्याच जागी, पलंगाच्या पायथ्याशी.

घरच्या माणसांशी सगळे खटके तोंडावरूनच उडतात, हेही पाहून ठेव. कुणी गंगाजळ आणतो, कुणी मक्केचे झमझमचे पाणी, कुणी सिद्धेश्वराच्या देवळातले तीर्थ. आणि घोट श्वासनलिकेत जाईल म्हणून आपली माणसे त्यांना हटकतात. भीती खरी आहे, हटकणे चूक आहे. गॉजची वात त्या पाण्यात भिजवून मुलाच्या हातात द्यायची आणि बापाच्या ओठांना त्याच्याकडून लावून घ्यायची. जेवणाचेही तसेच. शेवटच्या दिवसांत शरीर अन्न मागत नाही. उपाशी राहिल्यामुळे माणूस मरत नसतो, मरणे सुरू झाल्यामुळे त्याची भूक गेलेली असते. हे बायकोला शब्दांनी पटत नाही. तिच्या हातात तोंड ओले करण्याचे काम दिले की चमच्याने भात कोंबणे ती आपणहून थांबवते, कारण काहीतरी भरवल्याचे समाधान तिला हवेच असते.

‘बरे होतील ना?’ असे विचारले तर मावशींनी काय सांगायचे, हा तुझा दुसरा प्रश्न. खोटे सांगायचे नाही आणि आपणहून निकालही द्यायचा नाही. ‘तुम्हाला काय वाटतंय?’ असे विचारून ऐकायचे, ‘मी सिस्टरांना बोलावते’ म्हणायचे आणि खरोखर बोलवायचे. बोलावल्यावर जी सिस्टर येत नाही तिचे प्रशिक्षण वेगळे घ्यावे लागेल, आणि ते तुझेच काम आहे.

माझ्यावर आरोप होता की मी विषय फार खाली आणते. एका रुग्णालयात मी वर्ग घेत असताना प्रत्येकाला शेजाऱ्याचे तोंड स्वच्छ करायला लावत असे, डॉक्टरांनाही. तक्रार झाली, माझ्याकडून वर्ग काढून घेतला आणि माझ्या अहवालात ‘हेकेखोर’ असा शब्द आला. तो मला तेव्हा लागला. आज मी तो नाकारत नाही. सिस्ली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांचे सेवाघर, उघडले. त्या मुळात परिचारिका होत्या, पाठीच्या दुखण्याने ते काम सुटले, मग रुग्णालयात समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. शरीराचे, मनाचे, घरच्या काळजीचे आणि श्रद्धेचे दुखणे मिळून माणसाची एकच वेदना होते, हे त्यांनी जगाला समजावले. आणि ते त्यांना समजले ते मरणाऱ्या माणसांच्या उशाशी बसून, ऐकून. कोझिकोडला १९९३ मध्ये जी संस्था उभी राहिली तिने शेजारपाजारच्या साध्या माणसांना घरोघरी जाऊन ही सेवा करायला शिकवले आणि केरळने २००८ मध्ये या सेवेचे सरकारी धोरण केले. साधी माणसे हे करू शकतात. मग सोलापूरच्या मावशींनी वर्गात बसून व्याख्या का पाठ करायच्या? मी चुकले असेन ते डॉक्टरांशी बोलण्याच्या पद्धतीत. मुद्द्यात चुकले नाही. वर्ग काढून घेतला तेव्हा भांडले आणि घरी बसले, तिथे मात्र चुकले. मी सोडल्यावर तिथे पुन्हा फळा आणि व्याख्या सुरू झाल्या. पुण्याला जाण्याविषयी मला यापलीकडे काही लिहायचे नाही.

आता जिन्यातल्या मावशी. त्या पळाल्या असे तू लिहितेस. माझ्या मते त्यांना करायला काही नव्हते. घरघर ऐकू येते आहे, घरचे रडत आहेत आणि हात रिकामे आहेत, अशा वेळी कोणीही जिना गाठेल. त्यांना जर हे ठाऊक असते, की ही घरघर घशातल्या स्रावांची आहे, ऐकणाऱ्याला जितकी भयंकर वाटते तितका त्रास बहुधा रुग्णाला होत नाही, कुशीवर वळवले की ती कमी होते, औषधासाठी सिस्टरला बोलवायचे असते, आणि तोवर तोंड पुसून ओले करायचे असते, तर त्या थांबल्या असत्या. रडल्याही असत्या, पण पलंगाजवळ. आणि मृत्यूनंतर अर्ध्या तासात तोच बिछाना नवी चादर घालून दुसऱ्याला देण्याची जी रीत आहे, ती मावशींना आतून सुकवते. बिछाना लवकर द्यावा लागतो हे मला मान्य आहे. त्या मावशींना दहा मिनिटे आणि एक कप चहा द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. त्या दहा मिनिटांत तू शेजारी बस.

सोमवारी सकाळी मी येते. प्रोजेक्टर लावू नकोस. गॉजचे एक पाकीट, खाण्याचा सोडा, दोन वाट्या, एक टॉर्च आणि लहान मुलांचे ब्रश आणून ठेव. मी खुर्चीत बसेन. माझी वरची कवळी आहे. ती कशी काढायची आणि कशी धुवायची, हे त्यांना माझ्यावरच शिकता येईल. सगळ्यांत आधी त्या जिन्यातल्या मावशींना पुढे बोलाव, आणि त्या माझ्या तोंडात टॉर्च धरून पाहत असतील तेव्हा मध्ये काही समजावून सांगू नकोस.

तुझी,
सिस्टर