वाचकांचे प्रश्न: आयुष्य वाढणार म्हणे, पण नेमकं कुठे?

मागच्या अंकात म्हटलं होतं की लांबत चाललेलं आयुष्य आणि नवीन टेक्नॉलॉजी यावर काय विचारायचंय ते विचारा, तर ढीगभर प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही थोडे कापलेत, रागावू नका.

प्रश्न: ताई, सप्टेंबर २०२५ मधली ती क्लिप बघितली असेलच, बीजिंगच्या परेडला जाताना माईक चालू राहिला आणि पुतिन-शी जिनपिंग बोलताना सापडले, अवयव बदलत राहिलो तर माणूस अमर होईल, याच शतकात दीडशे वर्षं जगेल वगैरे. यात तथ्य किती? मी ५८ चा आहे, म्हणजे अजून अर्ध्यावरही नाही का?

दीडशेच्या हिशोबाने तुम्ही अजून तरुणच, पण तो हिशोब जरा कच्चा आहे. कागदोपत्री पक्की नोंद असलेलं सगळ्यात लांब आयुष्य फ्रान्सच्या जान काल्मां या बाईंचं, जन्म १८७५ चा, गेल्या १९९७ ला, वय १२२. त्यानंतर शंभरी गाठणारे प्रचंड वाढले, जपानमधे १९६३ ला असे जेमतेम १५३ लोक होते आणि २०२४ ला ९५ हजारांच्या वर, तरी काल्मांबाईंचा रेकॉर्ड कोणी मोडला नाहीये. म्हणजे शंभरीपर्यंत पोचणारे वाढले, टोक मात्र जिथल्या तिथे.

आणि ते 'सरासरी आयुष्य शंभर वर्षांत दुप्पट झालं, अजून एकदा दुप्पट होईल' हे लॉजिक तर सोडूनच द्या. १९०० च्या सुमारास जगाची सरासरी तिशीच्या थोडी पुढे होती, आता ७३ च्या आसपास आहे, पण म्हणून तेव्हा लोक बत्तिसाव्या वर्षी म्हातारे होत नव्हते. लहान मुलं जायची, इतकी जायची की सगळी सरासरीच खाली यायची. लसी, स्वच्छ पाणी, अँटिबायोटिक्स यांनी ती मुलं वाचवली. एक बाळ वाचलं की हिशोबात सत्तर वर्षं जमा होतात, ऐंशीच्या माणसाचं हार्ट वाचवलं की पाच-सात, त्यामुळे मोठी कमाई बऱ्याच देशांत होऊन गेलीये. त्यात १८२५ साली बेंजामिन गॉम्पर्ट्झ या विमा-गणितज्ञाने दाखवलेली गोष्ट आहेच, वयाबरोबर मरणाचा धोका चक्रवाढीने वाढतो, आजच्या आकड्यांत साधारण दर आठ वर्षांनी दुप्पट. चाळीस ते ऐंशी म्हणजे पाच वेळा दुप्पट, म्हणजे ३२ पट! म्हणून उद्या कॅन्सर पूर्ण नाहीसा झाला तरी सरासरी तीनेक वर्षांनीच वाढेल असा हिशोब निघतो, कारण त्यातून सुटलेल्याला हार्ट, मेंदू, किडनी यातलं काहीतरी गाठतंच.

म्हणून काही संशोधक आता एकेका आजाराचा नाद सोडून थेट म्हातारपणाच्याच मागे लागलेत. २००९ ला रॅपामायसिन हे औषध, जे मुळात किडनी वगैरे बसवल्यावर देतात, ते उतारवयातल्या उंदरांना दिलं, माणसाच्या साठीला असतील अशा, तर त्यांचं आयुष्य वाढलं. शिन्या यामानाका यांनी २००६ मधे चार जीन्स वापरून वाढलेली पेशी परत सुरुवातीच्या अवस्थेत नेऊन दाखवली, २०१२ चं नोबेल त्यावर मिळालं, आणि २०२० मधे त्यातले तीन जीन्स वापरून उंदरांची गेलेली नजर काही प्रमाणात परत आणली गेली. भारी आहे, पण उंदीर मुळात जगतो दोन-अडीच वर्षं.

माझ्या मते दीडशे की एकशेवीस हा वाद गौण आहे. वाढलेली वर्षं आयुष्यात कुठे जाऊन बसतात ते बघा. आजार एकेक करून थोपवत गेलो तर ती शेवटाला चिकटतात, नव्वदीनंतर अजून दहा वर्षं अंथरुणात. म्हातारपणच उशिरा आलं तर ती मधे घुसतात, पन्नाशी आणि पंच्याहत्तरीच्या दरम्यान, काम करण्याची वर्षं. डब्ल्यूएचओच्या २०१९ च्या आकड्यांत सरासरी आयुष्य ७३ आणि त्यातलं धडधाकट आयुष्य ६४ च्या आसपास, म्हणजे नऊएक वर्षं आजारपणात जातात. ती नऊ कमी होणार का वाढणार यावर खालचे जवळपास सगळे प्रश्न अवलंबून आहेत.

आणि गंमत म्हणजे यावर पैज लागलेली आहे. २००० साली स्टीव्हन ऑस्टॅड आणि जे ओल्शान्स्की या दोन शास्त्रज्ञांनी प्रत्येकी दीडशे डॉलर लावले, तेव्हा जिवंत असलेलं कोणीतरी २१५० पर्यंत दीडशेचं होईल का, आणि तेही डोकं ठिकाणावर असताना. पैसे वारसांना मिळणार.

प्रश्न: माझ्या वरच्या पोस्टवर ५९ चे सर आहेत, त्यांच्या वर ६६ चे. दोघंही ठणठणीत. खालून एआय नवीन पोरांचं काम खातंय. लोक शंभर वर्षं जगायला लागले तर मी पंच्याहत्तरीपर्यंत असिस्टंटच राहणार का? (वय ३१)

सरांना दीर्घायुष्य लाभो असं तोंडाने म्हणायचं आणि मनात हिशोब करायचा, कळतं मला. तुझी भीती खोटी नाहीये. चार्ल्स राजे गादीवर आले तेव्हा ७३ वर्षांचे होते, आई ७० वर्षं राणी होती. ते राजघराणं म्हणून सोड, पण अमेरिकेत प्राध्यापकांना सत्तरीला सक्तीने रिटायर करायची सोय १९९४ पासून कायद्याने बंद झाली आणि सत्तरीत निवृत्त होणाऱ्यांचं प्रमाण धाडकन खाली आलं. लोक वाईट नसतात, काम आवडतं, तब्येत बरी आहे, मग का सोडतील? वरच्या क्लिपमधले दोघंही तेव्हा ७२ चे होते, हेही लक्षात घे. ययातीने निदान पुरूला विचारून तारुण्य घेतलं होतं, आणि नंतर परतही केलं.

अर्थशास्त्रवाले म्हणतील की नोकऱ्यांचा आकडा काही ठरलेला नसतो, जास्त लोक कमावतात तेव्हा जास्त खर्च करतात आणि नवीन कामं निघतात, बायका मोठ्या संख्येने नोकरीत आल्या म्हणून पुरुषांच्या नोकऱ्या काही संपल्या नाहीत. बरोबर आहे. पण हे नोकऱ्यांना लागू पडतं, खुर्च्यांना नाही. डिपार्टमेंटला प्रमुख एकच असतो आणि तुझी तक्रार त्या खुर्चीबद्दल आहे.

दुसरी बाजू पैशाची. बिस्मार्कच्या जर्मनीने १८८९ ला म्हातारपणाची पेन्शन आणली तेव्हा वय ठेवलं होतं ७०, पुढे १९१६ ला ते ६५ वर आलं, आणि तेव्हा तिथपर्यंत पोचणारे मुळात कमी होते. आता बाविसाव्या वर्षी नोकरीला लागून साठीला थांबलास तर ३८ वर्षं कमाई, आणि शंभर जगलास तर ४० वर्षं बसून खाणं. हे कुठल्याच फंडात बसत नाही रे. म्हणून डेन्मार्कने २०२५ मधे कायदा केला की २०४० पासून निवृत्तीचं वय ७०, आणि फ्रान्समधे २०२३ ला नुसतं ६२ चं ६४ करायला घेतलं तर लाखो लोक रस्त्यावर उतरले. त्यांचंही चूक नव्हतं, खुर्चीत बसून ईमेल लिहिणाऱ्याला सत्तरी जड नाही, विटा उचलणाऱ्याची पाठ साठीच्या आधीच गेलेली असते. वर म्हटलं ना, वर्षं कुठे वाढली ते महत्त्वाचं, आणि ती सगळ्यांची एकाच जागी वाढत नाहीत.

तर माझं मत असं की वयाची अट माणसाला नको, मुदत पदाला हवी. आठ-दहा वर्षं प्रमुख राहायचं, मग उतरायचं, पगार थोडा कमी घ्यायचा आणि दुसरं काम करायचं, तेही पंच्याहत्तरीपर्यंत खुशाल. हे कोणाला पचणार नाही याची मला कल्पना आहे, कारण आपल्याकडे खाली उतरणं म्हणजे अपमान.

एआयचं म्हणशील तर मला नोकऱ्या जाण्यापेक्षा वेगळीच काळजी आहे. तुझे ५९ चे सर एआयकडून रिपोर्टचा ड्राफ्ट करून घेतात आणि एका नजरेत सांगतात की तिसऱ्या पानावरचा आकडा गडबड आहे. ते त्यांना कळतं कारण पंचविशीत असले दोनशे रिपोर्ट त्यांनी हाताने केलेत आणि शिव्या खाल्ल्यात. आता पंचविशीतल्या पोराला तो रिपोर्ट कोणी देतच नाही, सर आणि एआय मिळून उरकतात, आणि सर अजून पंधरा वर्षं आहेत म्हटल्यावर कंपनीला घाईही नाही. पंधरा वर्षांनी तो आकडा कोण पकडणार? तेव्हा पोस्ट मिळो न मिळो, तू ते ड्राफ्ट स्वतः करायचं सोडू नकोस.

प्रश्न: आई ९१ ची, घर आणि ठेवी तिच्या नावावर. मी ६४. माझ्या मुलीला आत्ता घरासाठी पैसे हवेत. आईपाशी विषय काढणं वाईट दिसेल ना?

दिसेल थोडं. पण वारसा पूर्वी पस्तिशी-चाळिशीत मिळायचा, संसार उभा करताना, आता रिटायर झाल्यावर मिळतो, आणि आयुष्य अजून लांबलं तर एका म्हाताऱ्याकडून दुसऱ्या म्हाताऱ्याकडे पैसा जात राहील आणि तरुण भाड्याच्या घरातच. तुम्ही स्वतःसाठी मागू नका, नातीलाच आजीला विचारू द्या. एकच, आईच्या पुढच्या दहा वर्षांच्या आजारपणाची सोय बाजूला ठेवून मगच, आणि आईचं घर आईच्याच नावावर राहू द्या.

प्रश्न: ही सगळी औषधं श्रीमंतांनाच मिळणार ना शेवटी?

सुरुवातीला हो. पण कुठलं औषध आहे त्यावरही आहे. २०२३ च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेने कॅसजेव्हीला मान्यता दिली, क्रिस्पर (जीनमधे नेमका बदल करायचं तंत्र) वापरून केलेली पहिली ट्रीटमेंट, सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी, अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर. ती गोळी नाहीये. पेशंटच्या पेशी काढायच्या, लॅबमधे त्यांचे जीन बदलायचे, त्या तयार झाल्या की पेशंटला केमो देऊन जुनी अस्थिमज्जा रिकामी करायची, मग बदललेल्या पेशी परत सोडायच्या आणि काही आठवडे हॉस्पिटलमधे ठेवायचं, हे प्रत्येक माणसासाठी वेगळं. अशी गोष्ट स्वस्त व्हायला फार वेळ लागतो.

गोळीचं तसं नाही. एचआयव्हीची औषधं वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर होती, २००१ मधे सिप्लाने तीच ३५० डॉलरला देऊ केली आणि सगळं चित्र पालटलं. पण स्वस्त गोळीचीही एक गोची आहे. मेटफॉर्मिन हे डायबिटीसचं जुनं औषध म्हातारपण लांबवतं का हे बघायला 'टेम' नावाची मोठी ट्रायल काढायची म्हणून संशोधक वर्षानुवर्षं पैसे गोळा करतायत, कारण पेटंट संपलेल्या औषधात कुठल्या कंपनीला रस असणार, आणि म्हातारपण हा आजारच नाही म्हटल्यावर मान्यता तरी कशासाठी द्यायची हाही घोळ आहेच.

आणि दरी आत्ताही आहे हो. २०१६ च्या एका मोठ्या अभ्यासात अमेरिकेतले सगळ्यात श्रीमंत एक टक्का पुरुष आणि सगळ्यात गरीब एक टक्का पुरुष यांच्या आयुष्यात साडेचौदा वर्षांचा फरक निघाला. त्यासाठी कुठलंही जादूचं औषध लागलं नाही.

प्रश्न: वडील ८६, डिमेन्शिया आहे. भाऊ म्हणतो बोलणारा रोबो आणू, त्यांना सोबत होईल. मला ती त्यांची फसवणूक वाटते.

तुम्हाला पारोबद्दल सांगते. तकानोरी शिबाता या जपानी संशोधकाने बनवलेला रोबो, सीलच्या पांढऱ्या पिल्लासारखा, तान्ह्या बाळाएवढा, मऊ केस. आधी मांजर-कुत्रा करून बघितला होता, पण लोक खऱ्याशी ताडून बघायचे आणि नाक मुरडायचे. सील कोणी मांडीवर घेतलेलाच नसतो, त्यामुळे तुलनाच नाही. केसांखाली सेन्सर आहेत, थोपटलं की डोळे मिटतो, हाक मारली की मान वळवतो, आणि चार्जिंगला लावताना त्याच्या तोंडात चक्क चोखणी द्यायची. २००९ मधे अमेरिकेत त्याची मेडिकल डिव्हाइस म्हणून नोंद झाली. डिमेन्शियाच्या पेशंटची बेचैनी त्याने थोडी कमी होते असं काही अभ्यासांत दिसलंय, थोडीच.

पण पारो बोलत नाही, तुमचा भाऊ बोलणारा आणतोय. पारोला थोपटणाऱ्याला कोणी खोटं सांगत नसतं. बोलणारा मात्र 'मला तुमची आठवण आली' म्हणतो, आणि ते वाक्य कंपनीचं असतं. जिबो नावाचा असाच एक घरगुती रोबो होता, कंपनी गुंडाळली गेली आणि २०१९ मधे त्याने स्वतःच घरोघरच्या लोकांना सांगितलं की माझे सर्व्हर आता बंद होणारेत. विसरभोळ्या माणसाला हे कसं समजावणार?

गोळ्यांची आठवण करणारं, पडले तर फोन लावणारं, उठायला मदत करणारं मशीन बिनधास्त आणा, त्यात फसवणूक काही नाही, उलट तुमची पाठ वाचेल. सोबतीचा रोबो आणायचाच असेल तर न बोलणारा आणा. आणि भावाला आधी हे विचारा की रोबो आल्यावर तो आठवड्यातून किती वेळा येणार आहे, आत्ता येतो तितकाच का कमी. मला वाटतं तुमचं खरं भांडण तिथे आहे.

प्रश्न: दीर्घायुष्याच्या सप्लिमेंट्सची ऑनलाइन ऑर्डर केलीये, बरोबर केलं ना? (वय ४७)

उंदरांवरचे रिझल्ट माणसाला विकणं हा सध्या मोठा धंदा आहे, मी तरी घेतली नसती. बीपी शेवटचं कधी मोजलंत? सिगरेट असेल तर ती, झोप, आणि कान. हो, कान. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या कमिशनने २०२४ मधे डिमेन्शियाचे टाळता येण्यासारखे १४ धोके सांगितलेत, त्यात कमी ऐकू येणंही आहे, आणि सत्तेचाळिशीत कोणी कान तपासत नाही. ऑर्डर कॅन्सल होत असेल तर बघा, आणि घेतल्याच तर बाकी औषधं काय चालू आहेत ते डॉक्टरांना दाखवून मगच.