सायकलची फ्रेम बनवायला घेतोस, तर आधी पाण्याचा विचार कर

फोंड्याला शेड घेतलीस, पहिल्या दहा फ्रेमची तयारी चाललीय, हे ऐकून मनापासून बरं वाटलं. फक्त वजन कमी करण्याच्या मागे लागू नकोस.

आपल्याकडे चार महिने धो धो पाऊस आणि किनाऱ्यावर बारमाही खारी हवा. पोलादी फ्रेम बाहेरून चकचकीत राहते आणि आतून गंजते. पाणी सीटपोस्टच्या, म्हणजे सीटखालच्या दांड्याच्या, फटीतून उतरून बॉटम ब्रॅकेटपाशी, म्हणजे पेडलचा आस बसतो त्या तळाच्या जागी, साचतं. तिथे तळाला एक बारीक भोक ठेवच. रंगकामानंतर नळ्यांच्या आतून गंजरोधक फवारा मार. रोज मिरामारच्या किनाऱ्यावर जाणारी एक सायकल नेमकी याच जागी मोडलेली मी पाहिलीय. ती फ्रेम मीच बनवली होती आणि भोक ठेवलं नव्हतं. चालवणारा वाचला, पण ती भीती अजून गेलेली नाही.

ॲल्युमिनियमकडे वळावंसं वाटेल. पण ६०६१ हा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू वेल्डिंगनंतर जोडाजवळ मऊ पडतो. ताकद परत आणायला उष्णता-प्रक्रियेची भट्टी लागते. क्रोमोली, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं पोलाद, घे. वाकली, चिरली तरी बहुतेक वेळा दुरुस्त होते, आणि दुरुस्त होणारी सायकल भंगारात लवकर जात नाही. म्हणूनच बॉटम ब्रॅकेट साध्या आट्यांचाच ठेव, म्हापशाच्या दुकानात सुटा भाग मिळायला हवा.

ब्रेक डिस्कचे लाव. ओल्या रिमवर रबर उशिरा पकडतं.

आणि विकण्याआधी एक फ्रेम आणि फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) आयएसओ ४२१० या सायकल-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे थकवा-चाचणीला, म्हणजे पुन्हा पुन्हा भार देऊन टिकाऊपणा तपासायला, पाठव. मोडली तर मोडू दे, तिथेच मोडू दे.