१० किलोमीटर ५८ मिनिटांत होतात, पण निम्म्यातच दम संपतो. वेग कसा वाढवावा?

लातूरहून विचारलेल्या या प्रश्नात तुम्ही प्रत्येक किलोमीटरची वेळ दिली आहे हे फार बरे केले, कारण निम्मे उत्तर त्या आकड्यांतच आहे. पहिला किलोमीटर ४:५०, दुसरा ५:००, मग ५:२०, ५:३५, ५:४५, ६:००, ६:१०, ६:२५, ६:३० आणि शेवटचा ६:२५. बेरीज केली तर पहिले पाच किलोमीटर २६:३० मध्ये आणि उरलेले पाच ३१:३० मध्ये झाले आहेत. ५० मिनिटांच्या आत येण्यासाठी रोज किती जोरात पळावे, असे तुम्ही विचारता. माझे स्पष्ट मत असे की तुम्हाला आधी जोर कमी करावा लागेल. शर्यतीच्या पहिल्या दोन किलोमीटरांत आणि आठवड्यातल्या बहुतेक दिवशी सरावातही.

आधी शर्यतीचे पाहू. प्रत्येकाचा एक वेग असा असतो की तोपर्यंत स्नायूंना लागणारा प्राणवायू श्वासातून पुरत राहतो आणि त्या वेगाने तासभरही धावता येते. ती मर्यादा ओलांडली की स्नायूंत साठवलेले ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचे इंधन, झपाट्याने खर्च होऊ लागते, स्नायूंमधली आम्लता वाढते, आणि नंतर वेग थोडा कमी केला तरी ती लगेच निवळत नाही. पंचाईत अशी की सुरुवातीला हे कळतच नाही. पाय ताजे असतात, आजूबाजूचे लोक सुसाट सुटलेले असतात, आणि श्वास व हृदयाचे ठोके त्या वेगाला साजेसे होईपर्यंत दोन-तीन मिनिटे जातात. धाप लागल्याचे जाणवते तोवर चूक घडून गेलेली असते. तुम्ही संपूर्ण अंतर ५:४० च्या एकाच वेगाने धावला असता तर वेळ ५६:४० आली असती. त्या हिशेबाने पहिल्या पाच किलोमीटरांत तुम्ही १ मिनिट ५० सेकंद कमावले आणि पुढच्या पाचांत ३ मिनिटे १० सेकंद गमावले. सरावात काहीही न बदलता, केवळ वेगाची नीट वाटणी करून, सव्वा मिनिट तुमच्या पदरात पडू शकते.

जगातले सर्वोत्तम धावपटूही हाच हिशेब पाळतात. केनियाच्या एलियुड किपचोगेने २०१८ मध्ये बर्लिनला २:०१:३९ अशी विक्रमी मॅरेथॉन धावली, तेव्हा त्याचा पूर्वार्ध ६१:०६ आणि उत्तरार्ध ६०:३३ होता. त्याच्याच देशाच्या केल्विन किप्टमने २०२३ मध्ये शिकागोला तो विक्रम आणखी खाली, २:००:३५ वर आणला. त्याचा पूर्वार्ध ६०:४८ आणि उत्तरार्ध ५९:४७. म्हणून पुढच्या वेळी पहिले दोन किलोमीटर ५:४५ ने, तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत ५:३८ ने आणि शेवटचे तीन ५:३० ने धावून पाहा. एकूण ५६:१० होतात. पहिल्या किलोमीटरला आपण फारच मागे पडलो असे वाटेल, ओळखीचे चार जण पुढे जातील. जाऊ द्यावेत, त्यांतले बरेच जण सातव्या किलोमीटरनंतर पुन्हा भेटतात.

आता सराव. आपल्याकडे मराठवाड्यात धावणे म्हटले की पोलीस भरतीचे १६०० मीटर डोळ्यांसमोर येतात आणि त्या तयारीची एक सवय सगळ्यांनाच लागली आहे, ती म्हणजे रोज टायमिंग काढण्याची. पहाटे ग्राउंडवर जायचे, जेमतेम वॉर्मअप करायचा, जीव तोडून चार राउंड मारायचे आणि मोबाइलमधली वेळ पाहून खूश किंवा नाराज होऊन घरी यायचे. परभणीत भरतीची तयारी करणाऱ्या मुलांसोबत मी धावतो, तिथे हे नेहमी दिसते: पहिल्या महिन्यात वेळ भराभर उतरते, मग जागच्या जागी थांबते आणि त्यानंतर नडगी दुखायला लागते. रोजची परीक्षा म्हणजे अभ्यास नव्हे. शरीर सुधारते ते सरावानंतरच्या विश्रांतीत, आणि रोज पूर्ण जोर लावला तर त्या सुधारणेला जागाच राहत नाही.

लांब पल्ल्याच्या अव्वल धावपटूंच्या सरावाच्या नोंदी पाहिल्या तर त्यांचे बहुतांश धावणे, साधारण पाचातले चार भाग, संथ असते. संथ याचा अर्थ असा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. तुमच्या आजच्या पातळीला हा वेग किलोमीटरला पावणेसात ते सव्वासात मिनिटे असा येतो, आणि तो तुम्हाला लाजिरवाणा वाटेल याची मला खात्री आहे. तरीही याच धावण्याने स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात, चरबीचे इंधन वापरण्याची क्षमता वाढते, आणि हाडे व स्नायुबंध भार सोसायला शिकतात. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे आपल्या सर्वांच्या अभिमानाचा विषय आहे, पण त्याची एक कामगिरी कमी जणांच्या लक्षात असते. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीत, देशाचे नाव काढणारा हा खेळाडू २०२० मध्ये दिल्लीला अर्धमॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटरहून थोडे जास्त अंतर, १ तास ३० सेकंदांत धावला होता. आठ-सव्वाआठ मिनिटांच्या शर्यतीखालीही एवढा खोल पाया असतो. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत तो ८:११.२० वेळेसह रौप्यपदक मिळवताना सुवर्णविजेत्या केनियन धावपटूपासून केवळ पाच शतांश सेकंद मागे होता. शेवटच्या मीटरपर्यंत अशी चुरस देण्याची ताकद नुसत्या चपळाईने येत नाही.

तुमच्यासाठी आठवड्यातून पाच दिवस धावणे पुरेसे आहे. त्यांतले तीन दिवस संथ असावेत आणि त्यांपैकी एका दिवशी, बहुधा रविवारी, अंतर हळूहळू १४-१५ किलोमीटरपर्यंत न्यावे. चौथ्या दिवशी १५-२० मिनिटांचा टेम्पो, म्हणजे दोन-तीन शब्द बोलता येतील पण गप्पा मारता येणार नाहीत असा, तुमच्या बाबतीत ५:४० ते ५:४५ चा वेग. पाचव्या दिवशी इंटरव्हल, म्हणजे मध्ये दम घेत धावायचे जलद तुकडे: आधी ४०० मीटरचे सहा तुकडे, प्रत्येकी २ मिनिटे ५ सेकंदांत आणि मध्ये दोन मिनिटे सावकाश जॉगिंग; महिन्याभराने ८०० मीटरचे पाच तुकडे. इथे एक पथ्य पाळावे. शेवटचा तुकडा पहिल्याच वेळेत आला पाहिजे. पहिला १:५० मध्ये आणि शेवटचा २:२० मध्ये आला, तर त्या दिवशी शर्यतीतल्याच चुकीचा सराव झाला असे समजावे. कडक सरावाचे दोन दिवस लागोपाठ ठेवू नयेत. बुटांबद्दल एवढेच सांगतो की ते पायाला बसणारे हवेत, महाग असण्याची गरज नाही.

वेग ओळखणे हे वेगळे शिकावे लागते आणि त्याचा सराव फारसा कोणी करत नाही. हातातले घड्याळ त्या क्षणाचा वेग दाखवताना मागेपुढे होते, झाडांखाली आणि इमारतींजवळ तर अधिकच. त्यापेक्षा ४०० मीटरच्या मैदानावर जावे. क्रीडा संकुल जवळ नसेल तर शाळेचे मैदान टेपने मोजून २०० मीटरची फेरी चुन्याने आखून घ्यावी. ५:४० चा वेग म्हणजे ४०० मीटरला २ मिनिटे १६ सेकंद आणि १०० मीटरला ३४ सेकंद. घड्याळाकडे न पाहता एक फेरी धावायची, थांबण्याआधी किती वेळ लागला असेल ते मोठ्याने सांगायचे आणि मगच घड्याळ पाहायचे. सुरुवातीला दहा-बारा सेकंदांचा फरक येतो, तोही बहुतेक एकाच बाजूने: आपण २:१६ म्हणतो आणि घड्याळ २:०४ दाखवते. किती पावलांमागे एक श्वास पडतो, टाच किती जोरात आपटते, खांदे कधी वर चढतात याकडे लक्ष दिले की हा फरक काही आठवड्यांत दोन-तीन सेकंदांवर येतो. मग शर्यतीच्या गर्दीतही पहिला किलोमीटर हातचा सुटत नाही.

आपल्या हवामानाचा हिशेब मात्र वेगळा मांडावा लागतो. एप्रिल-मे मध्ये पारा ४२ च्या वर जातो आणि पहाटे पाचलाही हवेत उष्मा असतो. शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते, स्नायूंच्या वाट्याला कमी येते आणि त्याच श्रमात वेग किलोमीटरला १५-२० सेकंदांनी सहज घटतो. त्या दिवसांत घड्याळाशी भांडू नये, श्वासावरून श्रम ठरवावेत आणि घरी आल्यावर लिंबू-मीठ-साखरेचे पाणी घ्यावे. पावसाळ्यात काळ्या रानातली वाट बुटाला किलोभर चिखल लावते, तेव्हा मुरमाड रस्ता शोधावा. महामार्गाच्या कडेने अंधारात धावायचेच असेल तर समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने आणि चकाकणारी पट्टी लावून धावावे.

५० मिनिटे म्हणजे ४०० मीटरच्या २५ फेऱ्या, प्रत्येक फेरी बरोबर दोन मिनिटांत. आज तुम्ही त्यापासून दूर आहात आणि दोन महिन्यांत ते होईल असे मी म्हणणार नाही. आधी ५६, मग ५४ असे टप्पे धरा, आणि खरी वेळ दसऱ्यानंतर हवा गार झाल्यावरच काढा. तोपर्यंत दर पाच-सहा आठवड्यांनी एकदा पाच किलोमीटर मोजून धावलात तरी सरावाचे वेग बदलण्यापुरती माहिती मिळते.