दरायसचा थोरला मुलगा गादीवर का आला नाही?

प्रश्न : प्राचीन इराणचा सम्राट दरायस पहिला याच्यानंतर त्याचा थोरला मुलगा आर्तोबाझानीस राजा न होता धाकटा झर्क्सीझ राजा झाला. थोरल्याचा हक्क का डावलला गेला?

उत्तर : ग्रीक इतिहासकार हिरॉडोटसच्या वृत्तांतानुसार, राजाने मोहिमेवर निघण्यापूर्वी वारस नेमावा असा पर्शियन रिवाज होता. इजिप्त आणि ग्रीस यांवरील स्वाऱ्यांची तयारी चालू असताना याच मुद्द्यावरून राजपुत्रांत वाद पेटला. आर्तोबाझानीस हा दरायस राजा होण्यापूर्वी गोब्रियसच्या मुलीपासून झालेला पुत्र होता, तर झर्क्सीझ हा राज्यारोहणानंतर राणी आटोसाच्या पोटी जन्मला होता. स्पार्टा या ग्रीक नगरराज्यातून परागंदा झालेला राजा डेमारॅटस याने झर्क्सीझला असा युक्तिवाद सुचवला, की राजा झालेल्या पित्याचा पुत्रच खरा राजपुत्र होय. मात्र आटोसाचे वजन एवढे होते, की या सल्ल्याविनाही झर्क्सीझच राजा झाला असता, असे हिरॉडोटस स्वतःच पुढे सांगतो, आणि मला त्याचे हेच मत अधिक पटते.

त्याचे कारण दरायसच्या स्वतःच्या राज्यप्राप्तीत आहे. आटोसा ही साम्राज्याचा संस्थापक सायरस याची मुलगी होती. दरायस मात्र सायरसचा मुलगाही नव्हता आणि नातूही नव्हता. इ.स.पू. ५२२ मध्ये सायरसचा मुलगा कंबायसिस मरण पावल्यावर, त्याचा भाऊ बर्दिया म्हणवून गादीवर बसलेल्या माणसाला दरायसने सहा साथीदारांसह ठार केले. तो तोतया होता आणि त्याचे खरे नाव गौमाता होते, असे दरायसने पश्चिम इराणमधील बेहिस्तूनच्या कड्यावर तीन भाषांत कोरून ठेवले. परंतु मारला गेलेला खरा बर्दियाच असावा, अशी शंका अनेक अभ्यासक घेतात आणि ती निराधार म्हणता येत नाही. लगेचच उसळलेली बंडे मोडण्यासाठी एकाच वर्षात १९ लढाया लढून नऊ राजे पकडल्याचे तोच लेख सांगतो. अशा राजाने सायरसच्या मुलींशी विवाह करणे आणि त्यांतील एकीच्या मुलाला वारस नेमणे, यात दोन्ही घराण्यांचे रक्त एकाच राजात आणण्याचा विचार मला स्पष्ट दिसतो.

थोरलेपणाला तिथे निर्णायक मान नव्हता, याचा उत्तम पुरावा खुद्द झर्क्सीझच्या पर्सेपोलिस या राजधानीतील लेखात आहे. तो प्रथम सांगतो, की दरायस राजा झाला तेव्हा त्याचे वडील आणि आजोबा, म्हणजे हिस्टास्पिस आणि आर्सामिस, दोघेही हयात होते, तरीही अहुरमज्दा या पर्शियनांच्या थोर देवाने दरायसलाच राजा केले. त्यानंतर तो लिहितो, की दरायसला इतरही मुलगे होते, परंतु अहुरमज्दाच्या इच्छेनुसार पित्याने स्वतःच्या खालोखाल श्रेष्ठ केले ते मला. आजोबा आणि वडील हयात असताना नातू राजा होऊ शकतो, तर थोरला भाऊ असताना धाकटा का नाही, हा युक्तिवाद त्या दोन विधानांच्या क्रमातच आहे. त्या लेखाकडे केवळ दरबारी स्तुती म्हणून पाहिले जाते याची मला खंत वाटते, कारण वारसाहक्काविषयी खुद्द वारसाचे म्हणणे इतक्या थेटपणे क्वचितच हाती येते.

सुमारे ३६ वर्षे राज्य करून दरायस इ.स.पू. ४८६ मध्ये वारला आणि नक्श-ए-रुस्तमच्या कड्यात खोदलेल्या थडग्यात त्याला ठेवण्यात आले. झर्क्सीझ गादीवर आला आणि इजिप्तचे बंड मोडून मग ग्रीसकडे वळला. त्याच्या स्वतःच्या वारसाचा प्रश्न मात्र असा सुटला नाही : इ.स.पू. ४६५ मध्ये राजवाड्यातील कटात त्याचा खून झाला, त्याच गोंधळात त्याचा थोरला मुलगा दरायस मारला गेला आणि धाकटा आर्तझर्क्सीझ राजा झाला.