चार वर्षांपूर्वीच्या हुकूमनाम्याचं नूतनीकरण करावं लागतं का? समोरच्याच्या जागेवर बोजा कसा चढवायचा?

तुमचं प्रकरण थोडक्यात असं: सोलापूरच्या दिवाणी कोर्टात सुताच्या उधारीपोटी २ लाख ४० हजारांचा एकतर्फी हुकूमनामा (समोरचा हजर नसताना झालेला कोर्टाचा निकाल, म्हणजे डिक्री) चार वर्षांपूर्वी झाला, यंत्रमागवाल्याने छदामही दिला नाही, आणि आता तो म्हणतो, ‘निकाल शिळा झाला, मी तो रद्दच करून घेतो.’

शिळा झालेला नाही. पैशाच्या हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीला मुदत कायद्याच्या अनुच्छेद १३६ प्रमाणे १२ वर्षं मिळतात. मधे नूतनीकरण वगैरे काही नसतं. मात्र ही मुदत ताणताही येत नाही. त्याने दहा-वीस हजार दिले म्हणून ती नव्याने सुरू होत नाही आणि उशीर माफीचा अर्जही इथे चालत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. नुसत्या हुकूमनाम्याने त्याच्या मिळकतीवर कसलाच बोजा बसत नाही. उद्या त्याने शेड विकली, तर व्यवहार लबाडीचा होता हे सिद्ध करत बसायची पाळी तुमच्यावर. हात बांधते ती जप्ती, आणि जप्तीसाठी दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज लागतो.

दरखास्तीत दाव्याचा नंबर, हुकूमनाम्याची तारीख, व्याज-खर्चासह येणं रक्कम आणि वसुली कोणत्या मार्गाने हवी हे लिहावं लागतं. स्थावर असेल तर गट किंवा सिटी सर्व्हे नंबर आणि चतुःसीमा. जमीन अक्कलकोटसारख्या दुसऱ्या कोर्टाच्या हद्दीत असेल, तर हुकूमनामा आधी तिकडे वर्ग करून घ्या. दोन वर्षं उलटल्यामुळे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २१ नियम २२ ची नोटीस आधी काढावी लागेल (पुढचे नियम याच ऑर्डरमधले, कलमं याच संहितेतली). ती टाळून पुढे गेलात तर लिलावापर्यंत पोचून सगळं उलटू शकतं. नोटीस मिळताच तो माल हलवेल अशी भीती असेल, तर कारणं देऊन नोटीस वगळण्याची विनंती करा. कोर्टाला तो अधिकार आहे.

त्याच्याकडे काय आहे हेच माहीत नसेल, तर नियम ४१ खाली मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र मागा. कोर्टाने सांगूनही दिलं नाही, तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. बँक खातं सापडलं तर आधी तेच धरा. कलम ६० प्रमाणे कारागिराची अवजारं सुटतात, म्हणजे स्वतः विणणाऱ्याचा हातमाग सुटेल. कारखान्यातले वीस यंत्रमाग त्यात बसवणं त्याला जड जाईल. घरातली भांडी, अंथरुणं आणि बायकोचं मंगळसूत्र यांच्या नादी लागू नका.

स्थावराच्या जप्तीत नियम ५४ चा मनाई हुकूम निघतो, बेलिफ तो जागेवर चिकटवतो, आणि दवंडी अजूनही कायद्यात आहे. तेवढ्यावर थांबू नका. हुकुमाची प्रत तलाठी किंवा सिटी सर्व्हे कार्यालयात आणि दुय्यम निबंधकाकडे देऊन पोच घ्या. यानंतरची खासगी विक्री कलम ६४ मुळे तुमच्या वसुलीपुरती रद्दबातल. पण बँकेचं आधीचं गहाण तुमच्या पुढेच राहतं, आणि पैसे कोर्टात जमा होण्यापूर्वी दुसऱ्या हुकूमनामाधारकाने दरखास्त लावली असेल तर कलम ७३ प्रमाणे तोही वाटेकरी.

बहुतेक लोक फसतात ते नियम ५७ वर. बेलिफाचा भत्ता भरला नाही, तारखेला कोणी उभं राहिलं नाही, दरखास्त निकाली निघाली, आणि आदेशात जप्तीबद्दल चकार शब्द नसला, तर जप्तीही संपली असं धरलं जातं. १२ वर्षांच्या आत नवी दरखास्त लावता येते, पण तोवर जागा गेलेली असू शकते.

रद्द करण्याचं म्हणाल, तर ऑर्डर ९ नियम १३ चा अर्ज हुकूमनाम्यापासून ३० दिवसांत करायचा असतो. समन्स रीतसर मिळालंच नव्हतं असं त्याने दाखवलं, तर ३० दिवस माहिती झाल्यापासून मोजतात. म्हणून मूळ दाव्यातल्या समन्सच्या बजावणी अहवालाची नक्कल आजच काढून ठेवा. बजावणीत किरकोळ चूक असली तरी त्याला तारीख वेळेत माहीत होती हे दाखवता आलं, तर तेवढ्यावर हुकूमनामा रद्द होत नाही. नुसत्या अर्जाने दरखास्त थांबतही नाही, स्थगिती लागते. आणि ती मागायला तो आला की रक्कम कोर्टात भरण्याची अट घाला, असं लेखी म्हणणं द्या.