काळी चारच्या वर

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

रात्री उशिरा पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. फोनवर बोलण्याइतकं ते सोपं नाही, म्हणून लिहिते आहे. ऑपेरा गायचा की संगीतकार व्हायचं, काय ते एक ठरव, असं घरचे म्हणतात. मला तो प्रश्नच पटत नाही. दोन्ही कर. आणि चाली लिहायला आत्ताच बस, कारण तुझ्या गळ्याला अजून बराच वेळ आहे.

आधी गळ्याचं सांगते. मिरजेला ख्याल शिकलीस, काळी चारचा (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा) सा लावून तार पंचमापर्यंत मोकळी जातेस. पण हे बहुतेक सगळं छातीच्या आवाजात. सोप्रानोला, म्हणजे बायकांच्या सगळ्यांत उंच आवाजाला, त्या पंचमाच्या वर अजून पाऊण सप्तक चढायचं असतं, तेही ६०-७० वादकांसमोर, माइकशिवाय. तिथला आवाज डोक्यात घुमवावा लागतो. म्हणजे वरच्या जागांसाठी तू जवळजवळ नवशिकी आहेस, हे मान्य करून टाक. मात्र दमसास, कान आणि रोज बसायची सवय मिरजेने दिली आहे, ती कुठे जात नाही.

शिवाय आपल्याकडे गाणारा आपला सा निवडतो. ऑपेरात भूमिकेची पट्टी संगीतकाराने लिहून ठेवलेली असते, तिथे तुझी सोय कुणी बघत नाही. म्हणून आपला आवाज नेमका कुठल्या जातीचा हे ओळखणं तिथे फार मोलाचं. जर्मन नाट्यगृहं तर त्या जातीवरूनच भूमिका वाटतात. हलके आवाज पंचविशीच्या आसपास रंगमंचावर उभे राहू शकतात. व्हर्डी-वाग्नर या संगीतकारांच्या भारी भूमिकांसाठी तिशी उलटावी लागते, कधी त्याहून जास्त. कुणी बाविसाव्या वर्षी तुझ्याकडून असलं काही गाऊन घ्यायला लागला, तर कितीही नावाजलेला असो, नाही म्हण. (गळ्यासाठी खडीसाखर-ज्येष्ठमध सांगणारे पुष्कळ भेटतील. झोप सांगणारं कुणी भेटत नाही. नीट झोप.)

तानपुरा सोडू नकोस. त्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (एका सेमीटोनचे शंभर सेंट) उतरलेला असतो. पियानोवर रियाज करशील तेव्हा हा फरक आधी टोचेल, मग कळेल की कान दोन्हीकडे वळवता येतो.

आता मधल्या वर्षांचं. गळा पिकेपर्यंत लोक ऑडिशनांच्या पाठीमागे धावतात आणि उरलेला वेळ कुढण्यात घालवतात. तू तो वेळ लिहिण्यात घाल. गाणाऱ्याने लिहिणं ही तिकडेही नवलाची गोष्ट नाही. ऑपेरा जन्मला तोच तसा. १६०० साली फ्लॉरेन्समध्ये याकोपो पेरीने आपल्याच ‘युरिडिची’ या ऑपेरात नायक ऑर्फिओ स्वतः गायला. पोलीन व्हियार्दो युरोप गाजवलेली गायिका. १८६३ मध्ये मुख्य रंगमंचावरून उतरली, आणि मग आपल्या शिष्यांना आणि मुलांना हाताशी धरून घरच्या घरी छोट्या संगीतिका करू लागली. मला ती फार आवडते. मोठं थिएटर, मोठा ऑर्केस्ट्रा मिळेपर्यंत थांबायचं, असं तिने केलं नाही.

आणि आपल्याकडे? सांगलीत राहून तुला हे मी सांगावं लागतं याचंच मला हसू येतं. विष्णुदास भावे आणि त्यांचं १८४३ चं सांगलीतलं नाटक सगळ्यांना पाठ असतं, ते सोड. भास्करबुवा बखले लहानपणी किर्लोस्कर मंडळीत गात होते, पुढे त्यांनीच १९१६ च्या ‘स्वयंवर’ला चाली दिल्या. गोविंदराव टेंबे हार्मोनियम वाजवायचे, रंगमंचावर उभे राहायचे आणि चालीही बांधायचे. १९११ च्या ‘मानापमान’चे शब्द आपल्या सांगलीच्या खाडिलकरांचे, चाली टेंब्यांच्या. त्यांना कुणी म्हटलं नाही की एक काय ते ठरवा.

गाणारी म्हणून तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी नुसत्या पियानोवर बसून लिहिणाऱ्याकडे नसते. सोप्रानो अगदी वर गेली की अक्षरांतले स्वर (सारेगमचे नव्हे, अ-आ-इ-ई हे) एकमेकांत मिसळतात. ‘ई’ आणि ‘आ’ यांतला फरक ऐकणाऱ्याला कळेनासा होतो. तेव्हा कथा पुढे नेणारे शब्द मधल्या सप्तकात ठेव, वरच्या जागेवर एखादा उघडा ‘आ’ किंवा ‘ओ’ येऊ दे. मराठीत लिही. इटालियन शब्द सुटा उच्चारलास तर शेवटी बहुतेक स्वर मोकळा सापडतो, म्हणून तो गळ्याला सोपा. आपले कितीतरी शब्द व्यंजनावर थांबतात: वाट, हात, डोळस, आभाळ. तो ‘ळ’ लांबवून बघ, जीभ कुठे अडकते ते कळेल. नाट्यपदं लिहिणाऱ्यांना हे गाणाऱ्यांच्या सहवासात कळत गेलं असणार. हरिपूरच्या देवलांची पदं एकदा फक्त या नजरेने वाच: कुठल्या अक्षरावर थांबायला जागा ठेवली आहे.

स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी, मात्र टाळता येणार नाही. भातखंडे पद्धतीने चीज लिहिता येते, चार आवाज आणि सेलो (व्हायोलिनचं खर्जातलं मोठं भावंड) एका कागदावर लिहिता येत नाहीत. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या लंडनच्या परीक्षा-संस्थांच्या थिअरीच्या ग्रेड दे, परीक्षेपेक्षा शिस्तीसाठी. जर्मन पुण्याच्या माक्सम्यूलर भवनात शीक.

पैशांचं थोडक्यात. एकल गायिकेची मिळकत बेभरवशाची असते. जर्मनीतल्या अनुदानित नाट्यगृहांत कोरसची (समूहात गाण्याची) पगारी नोकरी असते, तिला कमी लेखू नकोस. मी मुंबईत कोरसमध्ये गायले तेव्हा ऑर्केस्ट्रा आतून कसा चालतो ते तिथेच कळलं. मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा आहे, तिकडच्या ऑडिशनांवर नजर ठेव. चालींच्या मानधनासाठी आयपीआरएस या संगीतकार-गीतकारांच्या हक्कसंस्थेची सभासद हो आणि कुठल्याही करारावर, घरच्या माणसाने पुढे केला तरी, वाचल्याशिवाय सही करू नकोस.

दिवाळीपर्यंत दहा मिनिटांचा एक प्रवेश लिहून आण. दोन पात्रं, हार्मोनियम, एक सेलो. सेलो मिळाला नाही तर ती ओळ व्हायोलिनवर खाली वाजवून घेऊ. विषय तुझा. फक्त दुसरं पात्र अशा आवाजासाठी लिही जो तुझा नाही, म्हणजे भारदस्त बास (पुरुषाचा सगळ्यांत खालचा आवाज), नाहीतर लहान मुलगा. स्वतःच्या गळ्यापुरतंच लिहायची सवय लागली की ती मोडायला फार वर्षं जातात. आई-बाबांना मीच फोन करते.

कळावे,
तुझी ताई